पाठकोरे कागद

कागद हातात आला की आधी तो उलटून बघायचा, ही चारुदत्त पोंक्ष्यांची लहानपणापासूनची खोड. मागची बाजू कोरी दिसली की संपलं, तो कागद फेकायचा नाही. चौतीस वर्षं सिलिकॉन व्हॅलीत चिप्स डिझाइन केल्या, फ्रीमाँटला टाउनहाउस घेतलं, मुलीला डॉक्टर केलं, पण ऑफिसातून येताना बॅगेत पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा आणणं काही सुटलं नाही. तो गठ्ठा किचनच्या तिसऱ्या ड्रॉवरमध्ये राहायचा. त्याच्या कोऱ्या बाजूवर त्यांची बायको सुचित्रा, म्हणजे तिथल्या अख्ख्या मराठी मंडळाच्या सुचित्राकाकू, दोन गोष्टी लिहायच्या. एक वाणसामानाची यादी आणि दुसरं नाटक. एकाच कागदावर, एकाच पेनानं, आणि बऱ्याचदा एकाच ओळीत.

हो, नाटक. काकू मूळच्या सांगलीच्या. नाटक त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, ते अंगातच होतं. एक्क्याण्णव साली मंडळाच्या गणेशोत्सवात काहीतरी करू या म्हणून त्यांनी ‘गराजमधला गणपती’ लिहिलं, आणि काकांनी ते बसवलं. काका दिग्दर्शक म्हणून खरोखर फर्डे, त्यात खोटं नाही. कोणी कुठून यायचं, कोणी कुठे थांबायचं, सगळं सर्किटसारखं आखलेलं. नाटक असं काही रंगलं, की तेव्हापासून २०१९ पर्यंत दर वर्षी पोंक्ष्यांचं नाटक झाल्याशिवाय फ्रीमाँटचा गणपती उठला नाही.

पोंक्ष्यांचं म्हणजे कोणाचं, तर तिथेच सगळी ग्यानबाची मेख होती.

त्या पहिल्या वर्षी मराठी टाइप होणारा कॉम्प्युटर फक्त काकांच्या ऑफिसात होता. कार्यक्रमाची पत्रिका त्यांनी टाइप केली. त्यावर छापलं, ‘लेखन-दिग्दर्शन: चारुदत्त पोंक्षे’. काकू विंगेत उपरण्यांना इस्त्री करत होत्या, तेव्हा पत्रिका हातात पडली.

“अहो, हे काय?”

“अगं, एका ओळीत दोन नावं बसेनात. पुढच्या वर्षी करू.”

पुढच्या वर्षी काकांनी तीच फाइल उघडली, नाटकाचं नाव बदललं, तारीख बदलली आणि प्रिंट मारली. चालत्या फाइलला हात लावायचा नाही, हा इंजिनिअर लोकांचा कुळाचार. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच झालं. आणि दर वर्षी शेवटी काका आभारप्रदर्शनाला उभे राहायचे. हॉलच्या किल्ल्या देणाऱ्याचे आभार, सोफा उसना देणाऱ्यांचे आभार, पार्किंगमध्ये शिट्ट्या मारणाऱ्या देवांगचे आभार. सगळं झालं की थोडं थांबून, हात जोडून म्हणायचे, “आणि आता घरच्यांचे आभार मानून मी त्यांना परकं करणार नाही!” टाळ्यांचा कडकडाट. हे वाक्य सगळ्यांना इतकं पाठ झालं होतं, की मागच्या रांगेतली मुलं ते काकांच्या आधीच म्हणून मोकळी व्हायची.

काकू काही बोलल्या नाहीत. सुरुवातीला राग होता, मग हट्ट झाला. मागून मिळालेलं नाव घेऊन काय करायचंय, असं त्यांचं म्हणणं. त्याला दिसेल तेव्हा दिसेल, आपण तोंडानं मागायचं नाही. असं म्हणता म्हणता काकू एकाहत्तर वर्षांच्या झाल्या.

आणि यंदाच्या जुलैत, एका मंगळवारी अदितीचा ईमेल आला. अदिती मंडळाची सेक्रेटरी, तिशीतली पोरगी, गूगलशीटशिवाय श्वास घेत नाही. मंडळाला चाळीस वर्षं झाली म्हणून जाडजूड स्मरणिका निघणार होती, आणि तिच्यात आजवरच्या सगळ्या नाटकांची यादी. अदितीनं लिहिलं होतं, “काकू, काकांच्या एकोणतीस नाटकांची लिस्ट अटॅच केली आहे. काका बिझी असतील, तर तुम्ही प्लीज स्पेलिंग्ज चेक करून द्याल का? मंडेला प्रिंटला जाणार आहे.”

काकूंनी यादी उघडली. एकोणतीस ओळी आणि एकोणतीस वेळा तेच नाव, एकाखाली एक, मुंग्यांची रांग लागावी तसं. पत्रिका काय, लोक दुसऱ्या दिवशी रिसायकलच्या डब्यात टाकतात. स्मरणिका तशी नसते. ती लोक कपाटात ठेवतात. आपण गेल्यावर नात विचारेल की आजी काय करायची, आणि लेक ऋता पुस्तक उघडून दाखवेल, तर त्यात आजी कुठेच नाही.  काकूंनी नेपरव्हिलला ऋताला फोन लावला.

“आई, जस्ट टेल हिम!” ऋता म्हणाली. “इट्स नॉट दॅट हार्ड. बाबा विल फिक्स इट इन टू मिनिट्स.”

“सांगितल्यावर कोणीही करेल गं. त्यात काय?”

“सो यू वाँट हिम टू गेस? आई, ही इज अॅन इंजिनिअर. ही डझन्ट गेस.”

काकूंनी फोन ठेवला आणि भेंडी चिरायला घेतली. त्यांच्या हातात सोमवारपर्यंतचे दिवस होते.

आता काका बिझी कशात होते, तेही सांगायला हवं. गावाच्या जुन्या भागात, रेल्वेलाइनीपाशी, मूकपटांचं एक छोटंसं म्युझियम आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी, हॉलिवूड हॉलिवूड व्हायच्या आधी, या टेकड्यांमध्ये पिक्चर निघायचे. रिटायर झाल्यावर काका तिथे मंगळवार-गुरुवार जुने कागद स्कॅन करायला जाऊ लागले. आणि तिथेच, सत्तरी ओलांडल्यावर, हा माणूस एका बाईच्या नादी लागला. बाईचं नाव आयडा कोल, आणि ती वारून सदुसष्ट वर्षं झाली होती.

गेले आठ महिने पोंक्ष्यांच्या घरी जेवताना तिसरं पान तिचंच असायचं. आयडा कोल आधी तार ऑफिसात होती. तारेत शब्द मोजून लिहायचे, एक शब्द जास्त नको. ती सवय तिला पिक्चरमध्ये उपयोगी पडली. त्या पिक्चरमध्ये माणसं बोलायची नाहीत, मध्येच काळी पाटी यायची आणि तिच्यावर दोन ओळी असायच्या. आयडा त्या दोन ओळींत लोकांना रडवायची. सहा वर्षांत तिनं एकशे बारा पिक्चर लिहिले, प्रत्येक पंधरा-वीस मिनिटांचा. आणि नुसते लिहिले नाहीत, उभे केले. घोडे भाड्यानं आणायचे, गोठ्याला रंग देऊन त्याचं कोर्ट करायचं, तीस माणसांना बीन्स शिजवून घालायचे. एकदा व्हिलन रुसून ट्रेननं निघून गेला, तर हिनं आचाऱ्याला मिशा लावल्या आणि पिक्चर पुरा केला.

“काय बाई आहे गं!” काका म्हणायचे. “प्रोड्यूसर तीच, रायटर तीच, आणि भटारखानाही तीच!”

“हं,” काकू म्हणायच्या. “आमटी वाढू?”

पण यातलं काहीच जगाला माहीत नव्हतं, कारण सगळ्या पिक्चरवर नाव होतं वॉल्टर कोलचं. वॉल्टर तिचा नवरा. दिसायला देखणा, डोक्यावर मोठी हॅट. त्या पिक्चरच्या टाइप केलेल्या कथांचं तीनशे पानांचं बाड त्यांच्या एका पणतीच्या गराजमधून म्युझियमकडे आलं होतं, आणि म्युझियममधल्या लॉराचीही तीच समजूत होती. लिहिलं वॉल्टरनं, टाइप केलं बायकोनं, आणि वाया गेलेल्या पानांच्या मागे बायकोनं किराणा लिहिला. म्हणून स्कॅन करताना सगळे फक्त पुढची बाजू करायचे. मागची म्हणजे रद्दी.

पण काकांना कागद उलटल्याशिवाय चैन पडतंय होय? त्यांनी उलटला. पेन्सिलीनं यादी होती: ‘बीन्स दहा पौंड, कांदे, दिव्याचं तेल, नाही, शेरिफला चिठ्ठी लग्नाच्या आधी सापडू दे, सहा घोड्यांचा कडबा.’ काका खुर्चीतून ताडकन उठले. मग त्यांनी तीनशेच्या तीनशे पानं उलटली. चाळीस याद्या निघाल्या, आणि चाळीसही याद्यांमध्ये पिक्चर घुसलेला. नवरा सांगतोय आणि बायको उतरवून घेतेय, असं कांदे आणि कडब्याच्या मध्ये कधी होत नाही. जिच्या डोक्यात कांदे होते, तिच्याच डोक्यात शेरिफ होता. लॉरानं ते पाहिलं, मोठ्या युनिव्हर्सिटीतल्या लोकांना पाठवलं, आणि सगळ्यांनी मान्य केलं. येत्या शनिवारी दुपारी काकांचं म्युझियमच्या थिएटरात भाषण होतं, आणि पुढच्या मंगळवारी आयडाच्या फोटोखाली नवी पाटी लागणार होती.

“पण तुम्हाला एवढं पटकन कळलं कसं?” लॉरानं विचारलं होतं.

“ओह, आय जस्ट न्यू,” काका म्हणाले होते.

मंगळवारीच रात्रीच्या जेवणाला काकांनी फोनवर एक जुनी टेप लावली. छप्पन्न साली, आयडा अगदी म्हातारी असताना, कुठल्याशा शाळामास्तरानं तिची मुलाखत घेतली होती. खरखर आवाज, मागे कुत्रं भुंकतंय. पिक्चर बंद पडल्यावर आयडानं हेवर्डच्या लायब्ररीत बावीस वर्षं काम केलं, आणि तिथे कोणाला काही ठाऊक नव्हतं. मास्तरानं विचारलं, बाई, तुम्ही नाव का नाही लावलंत? मग म्हातारीचा आवाज आला. हसत होती ती. म्हणाली, “वॉल्टर लावणारच होता की. चांगला प्रसंग बघत होता.”

टेप संपली. काकांचे डोळे भरून आले.

“कसला माणूस आहे!” ते कडाडले. “एकशे बारा पिक्चर! बायकोचं नाव घालायला याचा हात मोडला होता का? आणि ही बिचारी वाट बघत बसली! तो मेल्यावरसुद्धा!”

काकूंचा डाव आमटीत तसाच राहिला. आता, त्यांना वाटलं. आता दिसेल. त्यांनी श्वास रोखून नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. काकांनी डोळे पुसले, नाक ओढलं, आणि म्हणाले, “पापड नाही भाजलास आज?”

काकूंनी पापड भाजला. दोन्ही बाजूंनी करपवला, आणि तसाच वाढला.

पण ती टेप त्यांच्या डोक्यातून जाईना. बुधवारी जाईना, गुरुवारी जाईना. राग काकांचा नव्हता, किंवा तेवढा नव्हता. राग आला होता तो त्या म्हातारीच्या हसण्याचा, कारण ते हसणं त्यांच्या ओळखीचं होतं. घरच्यांचे आभार मानणार नाही म्हटल्यावर त्या स्वतः पहिल्या रांगेत बसून असंच हसत आल्या होत्या, आणि वर टाळ्याही वाजवत होत्या. आपण मागत नाही यात केवढा मान आहे, असं इतकी वर्षं वाटत होतं. आयडालाही तसंच वाटलं असणार. काय मिळालं त्या मानातून? लायब्ररीतली खुर्ची.

शनिवारी थिएटर भरलं होतं. जुनी लाकडी खुर्च्यांची सिनेमाची खोली, जेमतेम शंभर माणसांची. पुढे म्युझियमची अमेरिकन मंडळी, मागे सगळं मंडळ. काकांचं कौतुक करायला क्युपर्टिनोहून मंडळातले जुने स्नेही शैलेंद्र आणि दीपा आले होते, अदिती लॅपटॉप घेऊन कोपऱ्यात. काकू तिसऱ्या रांगेत, मोतिया रंगाच्या साडीत.

काका बोलले मात्र झकास. इंग्लिशमध्ये, मधूनमधून मराठी फोडणी देत. आयडाचे घोडे, आचाऱ्याच्या मिशा, लोक हसून बेजार. मग तो फोटो पडद्यावर आला. मध्ये हॅट घातलेला वॉल्टर, भोवती नटनट्या, आणि अगदी कडेला भलंमोठं पातेलं धरलेली बाई, अर्धा चेहरा फ्रेमच्या बाहेर गेलेला. “ही ती,” काका म्हणाले. मग त्यांनी वॉल्टरला जो काही सोलून काढला, की अमेरिकन बायकांनी मध्येच टाळ्या वाजवल्या.

“नाउ, लॉरा नेहमी विचारते, मला कसं कळलं,” काका खुशीत येऊन म्हणाले. “आज प्रूफ दाखवतो. धिस इज फ्रॉम माय ओन किचन.”

पडद्यावर एक पाठकोरा कागद आला. आठ फूट उंच. काकूंचं अक्षर, निळं बॉलपेन. ‘रवा, हिंग, साबुदाणा दोन पौंड, नाही, मामाला आधी कळू दे आणि मग बेल वाजू दे, कोथिंबीर, मिरच्या.’

“माझी मिसेस,” काका छाती फुगवून सांगत होते, “अशीच लिहिते. रवा आणला की सीन आला, सीन आला की कोथिंबीर! तीस वर्षं मी हे कागद वाचतोय. तर आयडाचा कागद पाहिल्यावर मला कळणार नाही?”

लोक खळखळून हसले. काकूंना हसू आलं नाही. ड्रॉवरमधून न विचारता उचललेला तो कागद त्यांनी ओळखला. ‘सासूबाईंचा व्हिसा’, दोन हजार तीन, दुसरा अंक. म्हणजे याला माहीत आहे. सगळं माहीत आहे, पुराव्यासकट, स्लाइड करून माहीत आहे, आणि तरी दिसत नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच माणूस, कळसा स्वतःच पडद्यावर दाखवतोय.

प्रश्नोत्तरं सुरू झाली. नेहमीप्रमाणे शैलेंद्रनं आधी हात वर केला. “प्रश्न नाहीये, एक छोटीशी कॉमेंट आहे,” म्हणून तो चार मिनिटं बोलला. एका आजोबांनी घोडे कोणत्या जातीचे ते विचारलं. लॉरानं घड्याळ बघितलं. “एनी लास्ट क्वेश्चन?”

काकूंचा हात वर गेला. त्यांचा त्यांनाच पत्ता लागला नाही, पण गेला. शेजारी बसलेल्या दीपानं वळून पाहिलं. त्या उभ्या राहिल्या. काकांचा चेहरा खुलला.

काकूंनी इंग्लिशमध्येच विचारलं, पुढच्या रांगांनाही कळायला हवं होतं. आपल्या भाषेत सांगायचं तर त्या एवढंच म्हणाल्या, “वक्त्यांना एक प्रश्न आहे. तो कागद ज्या नाटकाचा आहे, त्या नाटकावर लेखक म्हणून नाव कोणाचं आहे?”

“त्यात काय,” काका लगेच म्हणाले, “ते तर सगळ्यांना माहीतच…”

आणि थांबले.

सगळ्यांना माहीतच आहे, असं म्हणायला त्यांनी मागच्या रांगांकडे पाहिलं. मागच्या रांगांत शंका होती. अदिती पडद्यावरच्या कागदाकडे बघत होती, मग लॅपटॉपकडे, मग परत पडद्याकडे. दीपानं काकूंचा हात धरला आणि हळूच विचारलं, “म्हणजे, काकू, नाटकं तुम्ही लिहायचात?” बावीस वर्षांची ओळख होती त्यांची.

काकांनी चष्मा काढला. प्रामाणिक माणूस तो, पुरावा समोर असताना खोटं बोलणं त्याला कधी जमलं नाही.

“माझं,” ते म्हणाले. “माझं नाव आहे.”

“किती साली पहिलं नाटक झालं?” काकूंनी विचारलं. त्या बसल्या नाहीत.

“एक्क्याण्णव.”

कोणीतरी हसलं. त्यांना वाटलं, नवराबायकोची थट्टा चाललीय. काका हसत नव्हते. ते पडद्याकडे वळले, त्या आठ फुटी निळ्या अक्षराकडे बघत राहिले, आणि खांदे असे खाली आले की काकूंचं काळीज चरकलं. जाऊन जवळ घ्यावं असं वाटलं त्यांना. पण पाय हलू दिले नाहीत. आजचा दिवस तरी नाही.

शेवटी लॉरा चाचरत म्हणाली, “चारू, यू वाँटेड टू थँक सम पीपल?” आभारप्रदर्शनाची चिठ्ठी त्यांनी घरून आणलीच होती. काकांनी ती काढली. म्युझियमचे आभार, लॉराचे आभार, कॉफीवाल्यांचे आभार. आवाजात जीव नव्हता. चिठ्ठी संपली. सवयीनं हात जोडले गेले.

“आणि आता घरच्यांचे आभार मानून मी त्यांना…”

मागची रांग वाक्य पुरं करणार, तोच काकांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

“नाही,” ते मराठीत म्हणाले. “हे चुकलं. साफ चुकलं. ज्यांना मराठी कळत नाही त्यांनी क्षमा करा, पण हे मला मराठीतच सांगायला हवं. चाळीस मिनिटं मी त्या वॉल्टरच्या नावानं बोटं मोडतोय. तो निदान हॅट तरी घालायचा, ओळखू यायचा.” त्यांनी चिठ्ठी खिशात टाकली. “ऐका. गराजमधला गणपती. लेखन, सुचित्रा पोंक्षे. बेकर्सफिल्डची मावशी. लेखन, सुचित्रा पोंक्षे. एक तिकीट जास्त झालं. लेखन, सुचित्रा पोंक्षे.”

एकेक वर्ष, एकेक नाटक, सगळी तोंडपाठ. दिग्दर्शकच तो. दहाव्या नाटकापासून मागची रांग त्यांच्याबरोबर म्हणायला लागली. पंधराव्यापासून पुढच्या अमेरिकन लोकांनाही तेवढे दोन शब्द जमले. ‘सुचिट्रा पॉंक्शे’ म्हणत होते बिचारे, पण म्हणत होते. काकू उभ्या होत्या. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि त्या पुसत नव्हत्या. किती बरं वाटतं, त्यांच्या मनात येत होतं, किती साधं आहे हे, आणि किती वर्षं घालवली आपण.

घरी जाताना गाडी फ्रीवेला लागली. मग काका म्हणाले, “तू कधी सांगितलं का नाहीस?”

“तुम्हाला दिसेल म्हणून.”

“अगं, मला समोरचं मीठ दिसत नाही, तू हातात देतेस तेव्हा दिसतं. एवढं कसं दिसणार होतं?” मग थोड्या वेळानं म्हणाले, “मी खरंच समजत होतो, आपलं आहे. तुझं-माझं नाही. आभार काय मानायचे आपल्याच माणसाचे?”

“आभार कोणाला हवे होते?” काकू म्हणाल्या. “मला नाव हवं होतं.”

काकांनी मान हलवली. आणि डोळे पुसताना त्यांचं घराकडे उतरायचं एक्झिट चुकलं.

रविवारी सकाळी दहालाच अदितीची नवी यादी आली, आणि वर, “काकू, आय अॅम सो सो सॉरी.” काका टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसले. काकू मागे उभ्या राहून वाचू लागल्या. लेखन: सुचित्रा पोंक्षे, दिग्दर्शन: चारुदत्त पोंक्षे. दोन नावं एका ओळीत अगदी आरामात बसत होती. एक्क्याण्णव, ब्याण्णव, त्र्याण्णव. अठ्ठ्याण्णवपाशी काकूंचं बोट थांबलं.

“हे काय? हे माझं नाही.”

“असू दे गं. सगळीच तुझी.”

“अजिबात नाही! अठ्ठ्याण्णव साली मी आईच्या आजारपणात सांगलीला होते. हे तुम्ही लिहिलंत. दुसऱ्या अंकात अर्धं पब्लिक उठून बटाटेवडे खायला गेलं होतं. ते माझ्या नावावर कशाला?”

“अगं, एवढं मोठं पाप झालंय माझ्याकडून, तर…”

“पापाचं प्रायश्चित्त माझ्या नावावर घेऊ नका. ज्याचं त्याला. लिहा, लेखन: चारुदत्त पोंक्षे.”

काकांनी मुकाट्यानं लिहिलं. अठ्ठावीस तिची, एक त्यांचं. काकूंनी पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचलं, बोट ठेवून, पहिलीतल्या मुलीसारखं.

“आता लोक विचारणार,” काका कुरकुरले, “अठ्ठ्याण्णवला काय झालं होतं म्हणून.”

“विचारू देत की. विचारलेलं बरं असतं.”

मंगळवारी काकू पहिल्यांदाच त्यांच्याबरोबर म्युझियमला गेल्या. नवी पाटी लागली होती. ‘आयडा कोल. लेखन आणि निर्मिती.’ काका लॉराशी बोलायला आत गेले, आणि काकू एकट्याच फोटोसमोर उभ्या राहिल्या. वॉल्टर हॅटमध्ये ऐटीत होता. बाई कडेला, हातात पातेलं, चेहरा अर्धा. उरलेल्या अर्ध्या चेहऱ्यावर तेच हसू होतं, टेपमधलं.

काकूंनी इकडेतिकडे पाहिलं, कोणी नव्हतं. त्यांनी काचेवर बोटं टेकवली, धाकट्या बहिणीच्या गालावर टेकवावीत तशी.

“विचारायचं होतंस गं बाई,” त्या म्हणाल्या. “एकदा तरी विचारून बघायचं होतंस. कोण जाणे, त्यालाही रडू आलं असतं.”